फेस नाही, तरी भांडी निघतात: हॉटेलातल्या डिशवॉशरचं केमिकल कसं निवडावं

भांडी घासायला माणूस मिळत नाही, ही तक्रार कोल्हापुरात आता मिसळवाल्यापासून मंगल कार्यालयापर्यंत सगळीकडं ऐकू येते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली कॅन्टीन आणि हायवेवरची मोठी हॉटेलं मोठ्या डिशवॉशरकडं वळली आहेत, आणि आता मध्यम खानावळींचे मालकही चौकशी करू लागलेत. मशीन येतं, पहिला महिना सगळे खूश असतात. मग ग्लासांवर पांढरे ठिपके दिसू लागतात, ताटावरून बोट फिरवलं की खरखर लागते, कपाच्या तळाला चहाचा तपकिरी थर बसतो. मालक म्हणतो मशीन वाईट, मशीनवाला म्हणतो केमिकल वाईट, केमिकलवाला म्हणतो पाणी वाईट. तिघांपैकी शेवटचा बहुतेक वेळा खरं बोलत असतो. फक्त ते त्यानं कॅन विकायच्या आधी सांगायला हवं होतं.

त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो, की हॉटेलातल्या डिशवॉशरच्या केमिकलमुळं आतड्याला इजा होते. मेसेज वाढवून सांगितलेला असला तरी त्याच्यामागं खरा अभ्यास आहे. त्याच्याकडं पुढं येऊ. आधी मशीनच्या पोटात काय चालतं ते बघू, कारण ते कळल्याशिवाय कॅनवरचं लेबल वाचून काही उपयोग नाही.

दोन मिनिटांत काय काय होतं

घरचं डिशवॉशर एका खेपेला तास-दोन तास घेतं. हॉटेलातलं हूड मशीन, म्हणजे ज्याचं वरचं झाकण खाली ओढून बंद करतात ते, एक रॅक, म्हणजे भांडी लावायची चौकोनी जाळी, दीड-दोन मिनिटांत धुऊन बाहेर काढतं. खाली टाकी असते, तिच्यात ५५ ते ६५ अंश सेल्सिअसला तापलेलं डिटर्जंटचं पाणी. पंप ते जोरानं भांड्यांवर मारतो, पाणी परत टाकीत पडतं, जाळीतून गाळलं जातं आणि पुन्हा फेकलं जातं. शेवटी वेगळ्या बॉयलरमधून ८२ ते ८५ अंशांचं ताजं पाणी काही सेकंद सोडलं जातं. एका रॅकला हे पाणी साधारण अडीच-तीन लिटर लागतं. तेही खाली टाकीत उतरतं आणि तेवढं जुनं पाणी मोरीत वाहून जातं. म्हणजे प्रत्येक रॅकनंतर टाकीतलं डिटर्जंट थोडं पातळ होतं, आणि बाजूला लावलेला छोटा डोसिंग पंप कॅनमधून ओढून ती भर घालत राहतो.

जर्मनीतल्या हेन्केल कंपनीचे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली एक साधं सूत्र मांडलं, ते आजही या धंद्यात सगळे वापरतात. स्वच्छता चार गोष्टींतून होते: वेळ, तापमान, घासण्याचा जोर आणि रसायन. एक कमी केली की बाकीच्यांनी ती भरून काढायची. हॉटेलच्या मशीननं वेळ जवळजवळ संपवूनच टाकला आहे. मग पाणी तापवायचं, जोरानं मारायचं आणि रसायन कडक ठेवायचं, एवढंच हातात उरतं.

घरच्या मशीनची गोळी इथं का चालत नाही, हे यातूनच कळतं. त्या गोळीत एन्झाइम असतात, म्हणजे पिठूळ आणि प्रथिनं तोडणारे जैविक पदार्थ. त्यांना काम करायला निवांत वेळ लागतो. दीड मिनिटात ते जागे होईतोवर ताट बाहेर आलेलं असतं.

आणि हातानं घासायचं लिक्विड तर मशीनमध्ये थेंबभरही नको. टाकीत फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, फवाऱ्याचा जोर जातो आणि भांडी निव्वळ ओली होऊन बाहेर येतात. आपल्याकडं हे नकळत घडतं. भांडीवाल्या मावशींची सवय अशी, की खरकटं काढताना आधी साबणाचा हात फिरवायचा आणि मग ताट रॅकमध्ये लावायचं. तो साबण भांड्यावरून टाकीत जातो. मशीनमध्ये घालण्याआधी कोमट पाण्याचा फवारा आणि हातानं खरकटं निपटणं पुरे. तेही कोमटच असावं. कडकडीत पाणी मारलं तर दूध, अंडं, डाळ यांतली प्रथिनं भांड्यावर शिजून चिकटतात.

कॅनमध्ये असतं तरी काय

मुख्य माल म्हणजे अल्कली. आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, इथं बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश. गरम अल्कली चरबीला लागली की चरबीचा काही भाग तिथल्या तिथं साबणासारखा होऊन सुटतो आणि उरलेला त्याच्याबरोबर वाहून जातो. मटणाची चरबी कोमट असतानाच थिजायला लागते हे तांबडा-पांढरा रस्सा जेवलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यामुळं रस्सा-मटणाच्या हॉटेलात दोन गोष्टींवर तडजोड नको, टाकीचं तापमान आणि अल्कलीचं प्रमाण. टाकी ४५ अंशांवर चालवून वर 'केमिकल कडक द्या' म्हणणारे मालक आहेत. त्यांचे पैसे पाण्यात जातात, अक्षरशः.

दुसरा माल म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणारे पदार्थ. यांना या लेखात आपण 'क्षारधरे' म्हणू. पूर्वी हे काम मुख्यतः फॉस्फेट करायचे, आता बऱ्याच कॅनमध्ये फॉस्फोनेट, पॉलिॲक्रिलेट, एमजीडीए, जीएलडीए अशी नावं दिसतात. कॅन महाग की स्वस्त, हे बऱ्याचदा याच मालावर ठरतं. कॉस्टिक स्वस्त असतो, तो कुणीही घालतं.

तिसरा, काही कॅनमध्ये, क्लोरीन. चहाच्या कपाचा तपकिरी थर टॅनिनचा असतो आणि नुसत्या अल्कलीनं तो पूर्ण जात नाही. क्लोरीन त्याचा रंग तोडतं. मिसळीच्या कटाचा लाल रंग मात्र तेलात विरघळणारा असतो. तो प्लास्टिकच्या वाटीच्या आत मुरला की कुठलंही केमिकल त्याला बाहेर काढत नाही, त्यामुळं कटासाठी स्टीलची वाटीच बरी. हळदीचं आणखी वेगळं. अल्कली लागताच ती लालसर होते, म्हणून टाकीतलं पाणी कधी गुलाबी-तांबूस दिसलं तर घाबरू नका.

बाकी थोडे सिलिकेट असतात, काच आणि धातूला अल्कली लागू नये म्हणून.

आधी पाणी, मग कॅन

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच. केमिकलवाल्याला फोन करण्याआधी आपल्या नळाच्या पाण्याचा जडपणा मोजून घ्या. जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. तो लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजतात. बाजारात त्यालाच पीपीएम म्हणतात. ६० च्या खाली असेल तर पाणी मऊ, १८० च्या वर गेलं तर फार जड. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत चांगलं मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे प्यायला एकदम कायदेशीर असलेलं पाणी डिशवॉशरला नकोसं असू शकतं. मशीनला १०० च्या खालचं पाणी बरं, आणि काचेचे ग्लास चकचकीत हवे असतील तर त्याहूनही कमी.

कोल्हापूरची गंमत अशी की एकाच गल्लीत तीन प्रकारचं पाणी असतं. महापालिकेचं पाणी पंचगंगेचं किंवा काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं. दोन्ही सह्याद्रीतल्या पावसाचं, म्हणून त्यात क्षार तुलनेनं कमी. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत आणतं. पूर्वेला शिरोळकडं तर जमिनीच क्षारपड झालेल्या, तिथल्या विहिरीच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. आणि तिसरं टँकरचं, जे कुठून भरलं हे ड्रायव्हरलाच ठाऊक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी उपसा केंद्रंच बुडाली आणि अख्खं शहर टँकरवर आलं. पण त्यासाठी महापूर लागत नाही. गळती काढायला दोन दिवस पाणी बंद, की हॉटेलची टाकी बोअरवर जाते. मऊ पाण्यावर बसवलेला डोस त्या दिवशी अपुरा पडतो, आणि ग्लासांवर ठिपके आले की शिव्या केमिकलला बसतात.

जड पाणी करतं काय, त्याचा हिशेब मांडू. ३०० पीपीएमचं पाणी, रॅकमागे तीन लिटर. म्हणजे प्रत्येक रॅकबरोबर ९०० मिलिग्रॅम चुना, म्हणजे हेच जडपणाचे क्षार, मशीनमध्ये येतो. दिवसाला २०० रॅक झाले तर १८० ग्रॅम. यातला बराचसा वाहून जातो हे खरं, पण पाणी तापलं की एक वाटा घट्ट होऊन बॉयलरच्या कॉइलवर, फवाऱ्याच्या भोकांत आणि भांड्यांवर बसतो. कॉइलवर थर बसला की तीच उष्णता मिळवायला वीज जास्त लागते. भोकं बुजली की कोपऱ्यातलं ताट खरकटंच निघतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, जड पाण्यासाठी बनवलेलं, जास्त क्षारधरे असलेलं डिटर्जंट. दोन, सॉफ्टनर, म्हणजे रेझिनच्या मण्यांमधून पाणी जाऊ देऊन कॅल्शियमच्या जागी सोडियम घालणारी टाकी, जिला अधूनमधून मीठ पाजावं लागतं. २०० च्या पुढचं पाणी असेल तर माझं मत सरळ आहे: केमिकलचा ब्रँड नंतर ठरवा, सॉफ्टनर आधी घ्या. डिटर्जंटमधले क्षारधरे टाकीतल्या पाण्यापुरते असतात; शेवटचं ८५ अंशांचं पाणी त्यांच्या हाताबाहेर असतं आणि ठिपके तर त्याच पाण्याचे पडतात. एक मर्यादा मात्र सांगायला हवी. सॉफ्टनरमुळं पाण्यातले एकूण क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. ठिपके पुसले की जातात, पण पडतात. काचेच्या ग्लासांचा धंदा असेल तर शेवटच्या पाण्यासाठी आरओ लागतं.

जडपणा मोजायला थेंबांचं साधं किट मिळतं. नळाचं पाणी, बोअरचं पाणी, आणि जमलं तर टँकरचंही, वेगवेगळं मोजा.

भांडी कसली आहेत, हे कुणी विचारलं का?

केमिकलवाल्यानं हा प्रश्न न विचारताच कॅन पाठवला असेल तर तिथंच सावध व्हा. ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिकच्या पाण्यात गेलं की काळं पडतं आणि धातू झिजतो. त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून बुडबुडे दिसतात. ॲल्युमिनियमसाठी कॉस्टिक नसलेलं, सिलिकेटवालं डिटर्जंट वेगळं मिळतं, पण ते चरबीला तितकं कडक नसतं. आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांत मोठी पातेली ॲल्युमिनियमची आणि ताटवाट्या स्टीलच्या. एकाच मशीनमध्ये दोन्ही कोंबण्यापेक्षा पातेली हातानं घासणं शहाणपणाचं.

पितळेचं कल्हई केलेलं भांडं मशीनमध्ये कधीच घालू नका. कल्हई म्हणजे कथलाचा मुलामा, आणि कथील गरम अल्कलीत विरघळतं. तांब्याचे तांबे आणि चांदीच्या वाट्या क्लोरीननं डागळतात. मेलामाइनच्या बशांचा चकाकता पृष्ठभाग क्लोरीन हळूहळू खातं, मग त्या खरखरीत भागात हळद आणखी घट्ट बसते. मेलामाइन जास्त असेल तर क्लोरीनऐवजी ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असलेला माल मागा.

स्टीलला अल्कलीचं भय नाही, क्लोरीनचं थोडं आहे. हलक्या प्रतीच्या स्टीलवर, विशेषतः रात्रभर ओली ठेवलेली भांडी असतील तर, तपकिरी टाचणीएवढे डाग दिसतात. सॉफ्टनरचं मीठ सांडून मशीनच्या पायाला गंज चढतो, तोही त्यातलाच प्रकार.

रिन्स एड: साबण नव्हे, मग काय?

शेवटच्या पाण्यात मिसळणारं हे दुसरं, बहुधा निळं लिक्विड. ते भांडी साफ करत नाही. अळूच्या पानावर पाणी कसं गोळा होऊन थेंब थेंब उभं राहतं, तसं ते ताटावरही राहायला बघतं. याला पाण्याचा पृष्ठताण म्हणतात. थेंब जिथं वाळतो तिथं त्याच्यातले क्षार एका ठिकाणी साचून ठिपका होतो. रिन्स एडमधले पदार्थ हा ताण निम्म्याच्या आसपास आणतात. मग पाणी थेंब न धरता पातळ पडद्यासारखं पसरून खाली ओघळतं आणि भांड्यात मुरलेल्या उष्णतेनं उरलेली ओल मिनिटभरात उडून जाते. पुसायचं फडकं लागत नाही, हा मोठा फायदा. हॉटेलातलं पुसायचं फडकं म्हणजे बहुधा सगळ्यात घाण वस्तू. प्लास्टिक मात्र उष्णता धरत नाही, त्यामुळं ते रिन्स एड असूनही ओलंच राहतं. तो दोष लिक्विडचा नाही.

जड पाण्यासाठीच्या रिन्स एडमध्ये सायट्रिक किंवा तसलं आम्ल जास्त असतं, जे शेवटच्या पाण्यातला चुना आणि भांड्यावर राहिलेली अल्कली दोन्ही मारतं. मऊ पाण्यावर हेच लिक्विड वापरलं तर ते नुसतं फेस करू शकतं. डोस फार थोडा असतो, लिटरला ०.२ ते ०.४ मिलिलिटर. कमी पडला तर ग्लासावर थेंब उभे राहतात. जास्त झाला तर काच उजेडाकडं धरल्यावर निळसर पट्टे दिसतात, हाताला बुळबुळीत लागते, टाकीत फेस होतो. आणि इथं आपल्याकडची नेहमीची चूक होते: ठिपके दिसले की पंपाचा स्क्रू फिरवून रिन्स एड वाढवायचं. ठिपके पाण्याच्या जडपणाचे असतील तर दुप्पट रिन्स एडनं ते जात नाहीत, फक्त बिल वाढतं.

'ते पोटात जातं, त्याचं काय?'

आता तो मेसेज. २०२३ साली 'जर्नल ऑफ अ‍ॅलर्जी अँड क्लिनिकल इम्युनॉलॉजी'मध्ये स्वित्झर्लंडच्या दावोसमधल्या अ‍ॅलर्जी आणि दमा संशोधन संस्थेचा अभ्यास छापून आला. ही संस्था झुरिक विद्यापीठाशी जोडलेली आहे. त्यांनी आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर डिटर्जंट आणि रिन्स एडची परीक्षा घेतली. २०,००० भाग पाण्यात एक भाग इतकं पातळ केलेलं रिन्स एडही पेशींना मारक ठरलं, आणि ४०,००० मध्ये एक इतकं पातळ केल्यावरही पेशींतल्या जनुकांच्या कामात बदल दिसले. दोषी ठरलं ते रिन्स एडमधलं अल्कोहोल इथॉक्सिलेट नावाचं द्रव्य. बोट ठेवलं गेलं ते खास हॉटेलच्या मशीनवर, कारण त्यांत रिन्स एडनंतर पुन्हा साध्या पाण्याची फेरी होत नाही.

हे माणसांवरचं संशोधन नव्हे. हॉटेलात जेवल्यानं इतक्या लोकांना अमुक आजार झाला, असं त्यात कुठंही नाही. पण 'काही होत नाही हो' म्हणून झटकून टाकण्यासारखंही ते नाही.

कागदावर हिशेब करून बघा. लिटरला ०.३ मिलिलिटर डोस आणि ताटावर दोन मिलिलिटर पाणी राहून वाळलं असं धरलं, तर ताटावर ०.०००६ मिलिलिटर रिन्स एड उरलं. त्यात २५० मिलिलिटर रस्सा वाढला की प्रमाण झालं चार लाखांत एकाच्या आसपास. अभ्यासातल्या आकड्याच्या दहापट पातळ. आता स्क्रू फिरवून डोस दहापट केला असं समजा: तेच प्रमाण ४०,००० मध्ये एकावर येतं. चहाचा छोटा कप असेल तर त्यात पेय कमी, म्हणून प्रमाण आणखी वाढतं. हा माझा अंदाजाचा हिशेब आहे. संशोधकांनी मशीनमधून निघालेल्या, वापरायला तयार भांड्यांवर पेशींना इजा करण्याइतका अंश सापडल्याचं म्हटलं आहे. म्हणून डोस लागेल तितकाच, मोजून ठेवावा, आणि पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालात काय आहे आणि त्याचा धोका काय हे सांगणारा कागद, मागून घ्यावी. अल्कोहोल इथॉक्सिलेट आहे का आणि किती, हे तिथं साधारण कळतं. मऊ पाण्याला रिन्स एड कमी लागतं, हा सॉफ्टनरचा आणखी एक फायदा.

'क्लोरीन नसेल तर जंतू कसे मरणार?'

उष्णतेनं. शेवटचं पाणी फवाऱ्यापाशी ८२ अंशांचं असेल आणि भांड्याचा पृष्ठभाग ७१ अंशांपर्यंत पोचत असेल तर तेवढं पुरतं. अमेरिकेच्या अन्न नियमांत हेच आकडे आहेत. बॉयलर नसलेली, कमी तापमानाची मशीनं वेगळी. त्यांत शेवटच्या पाण्यात ५० पीपीएम क्लोरीन घालावंच लागतं. आपलं मशीन कोणत्या जातीचं, हे मालकाला माहीत असायला हवं. वीज वाचवायला बॉयलर ६० वर ठेवून दिला, तर भांडी चकचकीत दिसतील आणि जंतू जागच्या जागी राहतील.

क्लोरीनची एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. क्लोरीनवालं डिटर्जंट आणि आम्लाचं रिन्स एड किंवा चुना काढायचं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. नळ्या अदलाबदल होणं, रिकाम्या कॅनमध्ये दुसरं लिक्विड ओतणं, मशीन न धुता चुना काढायचं आम्ल टाकणं, यातून हे घडू शकतं. आणि कॉस्टिक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. कॅन बदलताना हातमोजे आणि चष्मा हवाच. अंगावर उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून मग दवाखाना. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडंसं काढून ठेवायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा.

'त्यापेक्षा स्वस्त कॅन आहे की'

कॅनच्या किमतीवरून काहीच कळत नाही. रॅकमागे किती पैसे पडले ते बघायचं. उदाहरणापुरते आकडे घेऊ. एक माल १०० रुपये लिटर, डोस लिटरला ४ मिलिलिटर. दुसरा १८० रुपये लिटर, डोस २ मिलिलिटर. तीन लिटरच्या रॅकला पहिला १२ मिलिलिटर लागला, म्हणजे १ रुपया २० पैसे. दुसरा ६ मिलिलिटर, १ रुपया ८ पैसे. महाग वाटणारा कॅन स्वस्त पडला. त्यात आणखी एक खोच आहे. कॅनवर किलो लिहिलंय की लिटर? ही लिक्विडं पाण्याहून जड असतात. घनता १.३ असेल तर २० किलोच्या कॅनमध्ये साडेपंधरा लिटरही माल नसतो.

डिटर्जंट आणि रिन्स एड एकाच कॅनमध्ये, असा 'टू इन वन' माल विकायला येतो. मला तो पटत नाही. एक अल्कली, दुसरं बहुधा आम्ल; एक टाकीत जायचं, दुसरं शेवटच्या पाण्यात. एकत्र केलं की दोघांपैकी एकाचं काम अर्धवट राहतं.

पंचगंगेत काय जातं

मशीनमधून बाहेर पडणारं पाणी अल्कलीयुक्त आणि तेलकट असतं, आणि मोरीतून गटारात जातं. फॉस्फेट हे वनस्पतींचं खत आहे. रंकाळ्यावर आणि पंचगंगेत जलपर्णी पसरते तेव्हा सांडपाण्यातल्या फॉस्फेट-नायट्रोजनवरच ती पोसलेली असते. त्यात हॉटेलांच्या डिशवॉशरचा वाटा घरगुती सांडपाण्यापुढं छोटाच. तरी फॉस्फेट नसलेला माल मिळत असेल आणि रॅकमागे चार-पाच पैसेच जास्त पडत असतील तर तो घ्यावा. मोरीच्या आधी चरबी अडवणारी टाकी मात्र हवीच, कारण गरम पाण्यातून सुटलेली मटणाची चरबी पुढं गार पाइपात जाऊन थिजते आणि पाइप तुंबतो.

माल बदलण्याआधी

डाग दिसला की आधी तो कसला आहे ते बघा. पांढऱ्या ठिपक्यावर लिंबू चोळून गेला तर तो चुना. नाही गेला आणि काच ओली असतानाही धूसर दिसत असेल तर काचच झिजली आहे, तिला औषध नाही. ताट स्वच्छ दिसतं पण हाताला पातळ थर लागतो, असं असेल तर त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळंकाळं झालं तर तो भाताचा, भाकरीचा पिठूळ थर आहे. डिटर्जंट कमी पडतंय किंवा ताटं वाळेपर्यंत रचून ठेवली जातात. ते ताट पुन्हा धुऊनच वापरा.

मग डोसिंग पंप उघडा. आतली रबरी नळी रोज दाबली जाऊन कडक होते किंवा चिरते, आणि कॅन भरलेला असूनही माल टाकीत पोचत नाही. काही मशीनमध्ये टाकीत विजेचा सेन्सर असतो, तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून डिटर्जंट किती आहे हे ठरवतो. त्याच्यावर चुना बसला की तो कमी दाखवतो आणि पंप नुसता ओतत सुटतो. उलट, खाऱ्या बोअरच्या पाण्यातून वीज मुळातच जास्त वाहते, म्हणून बोअर चालू असताना तोच सेन्सर डिटर्जंट पुरेसं आहे असं समजून पंप लवकर थांबवतो. म्हणजे जेव्हा माल जास्त लागतो नेमका तेव्हाच कमी पडतो.

हे सगळं ठीक असूनही ताटं निघत नसतील तर दुसऱ्या पुरवठादाराला बोलवा आणि चाचणी रविवारी दुपारी, मटणाच्या गर्दीत घ्या. सकाळच्या पोह्याच्या बशा कुठल्याही लिक्विडनं निघतात. टाकीतल्या डिटर्जंटचं प्रमाण त्यानं तुमच्या समोर थेंबांच्या किटनं मोजून दाखवायला हवं. तो आकडा, टाकीचं आणि शेवटच्या पाण्याचं तापमान, आणि त्या दिवशी नळ चालू होता की बोअर, एवढं वहीत तारखेसह लिहून त्याची सही घ्या. महिन्यानं भांडण व्हायची वेळ आली तर दोघांच्याही हातात काहीतरी असेल.